अडखळणारी तबकडी

आमच्या शेजारचे काका परवा संध्याकाळी कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि मोठ्या काळजीने म्हणाले, "काहून जी सर, टेप बिघडला काय?"

टेप बिघडला नव्हता. मी संगीत ऐकत होतो. पण हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? खोलीतून येणारा आवाज असा होता, की एखाद्या यंत्राला उचकी लागावी आणि त्याला पाणी पाजायला घरात कोणी असू नये. मी नुसताच हसलो. दिवाळीच्या तोंडावर मारेगावात आवाजांना तसा तोटा नसतो. सोयाबीनची थ्रेशर रात्री उशिरापर्यंत घरघरत असतात. त्यात मराठीच्या प्राध्यापकाने आपल्या घरची भर घालावी, हे काकांना पटले नसावे.

हा नाद मला लावला माझ्या भाच्याने. तो पुण्याला शिकतो. गेल्या दिवाळीत आला तेव्हा "मामा, हे ऐकाच" म्हणून त्याने माझ्या फोनवर बऱ्याच तबकड्या भरून ठेवल्या. पहिली निघाली चरणजित सिंग यांची, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग! नाव वाचूनच मी कपाळाला हात लावला. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेमातले वादक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवले. १९८२ साली तीन जपानी यंत्रे समोर मांडून त्यांनी ही तबकडी केली. ती फारशी कोणी विकत घेतली नाही. पुढे २०१० साली ती हॉलंडमध्ये पुन्हा निघाली आणि तिकडचे लोक थक्क झाले. ज्या संगीताचा जन्म शिकागोत १९८७ च्या सुमारास झाला असे ते मानत होते, ते ह्या गृहस्थाने पाच वर्षे आधीच मुंबईत वाजवून ठेवले होते! मग सत्तरी उलटल्यावर त्यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते वारले.

भैरव मी जरा कुत्सितपणेच ऐकायला बसलो. पण त्या तीन यंत्रांपैकी एकात, टीबी-३०३ मध्ये, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. ती मींड नव्हे, हे मला कळते. तरीपण ललत ऐकताना दोनदा मान हलली आणि दोन्ही वेळा मी इकडेतिकडे पाहून घेतले. यमन मात्र मला सोसला नाही. त्याला श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

ह्या टीबी-३०३ ची हकीकत मोठी गमतीची आहे. एकट्या गिटारवाल्याला साथीला खर्जातला वादक मिळावा म्हणून ते काढले. पण त्याचा आवाज खऱ्या वाद्यासारखा निघेना. १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंदही पडले आणि ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या पोरांनी ते घेतले आणि त्याच्या कळा भलत्याच पिळून नवे संगीत काढले. नापास झालेले यंत्र!

भाच्याच्या यादीतली पुढची मंडळी ह्याहून अवघड. जर्मनीत 'ओव्हल' नावाचा एक चमू होता. ह्या लोकांनी सीडीच्या पाठीवर मुद्दाम खुणा करून त्या बिघडवल्या, आणि बिघडलेल्या सीडीचे जे अडखळणे, त्याचेच संगीत केले. त्यांची १९९५ ची '९४ डिस्कोंट' मी तीन रात्री ऐकली. सीडीवर लहानसा ओरखडा असला तर यंत्र आजूबाजूचे पाहून अंदाजाने ती जागा भरून काढते. ओरखडा मोठा झाला की मग ते हार खाते, आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा म्हणत बसते.

ह्यात आम्हांला नवे ते काय? वणीच्या बाजारातून आणलेली एक भजनांची सीडी आमच्या घरी होती. ती एका ओळीवर हमखास तीनदा अडखळे. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिने ते भजन त्या सीडीवरूनच पाठ केले, आणि गणपतीपुढे म्हणताना नेमक्या त्या जागी तीनदा अडखळून मगच पुढे गेली. आम्ही पोट धरधरून हसलो. तिला बिचारीला कळेना, आपले चुकले कुठे.

तर परवा काका तसेच थोडा वेळ उभे राहिले. कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "घर गयल्यावानी वाजते जी, सर."

मी गप्प झालो. काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एक मुलगी होती, इथल्याच एका कोलाम पोडावरची. घरी कोलामी, गावात वऱ्हाडी, आणि कॉलेजात माझी मराठी. 'पावसाळा' ह्या निबंधात तिने लिहिले होते, 'रातच्याला पाऊस आली अन् आमचं घर बोलाले लागलं.' छप्पर गळत होते आणि खाली मांडलेली भांडी वाजत होती. मी 'आली'भोवती लाल गोल काढला, 'बोलाले'भोवती काढला, आणि एवढ्यावर न थांबता चुकांचा नमुना म्हणून ते वाक्य वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला. मीही हसलो.

दुसऱ्या वर्षी ती आली नाही. माझ्या शाईमुळेच आली नाही असे म्हणणे म्हणजे स्वतःला फार मोठे समजणे होईल. पोडावरच्या मुलीला कॉलेज सोडायला कारणे थोडी नसतात. पण त्या तासानंतर वर्गात ती एकदाही बोलली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. 'पाऊस आली' मी आजही दुरुस्त करीन. तो माझा पोटाचा धंदा आहे. घर बोलू लागले, हे मात्र त्या दिवशी मला ऐकू आले नाही.

काका गेल्यावर मी ती तबकडी पुन्हा लावली. ह्या वर्षीच्या निबंधांचा गठ्ठा टेबलावर होता आणि त्याच्यावर लाल पेन. दिवे गेले तेव्हा त्यातला एकही तपासून झाला नव्हता.