एएनए चाचणीस अनावृत पत्र

प्रिय एएनए,


परवा भाचीच्या मोबाईलवर तुझा रिपोर्ट आला : ‘पॉझिटिव्ह, १:१००, स्पेकल्ड, १+’. डॉक्टरांची वेळ मिळाली ती पुढच्या आठवड्यातली. तोवर पोरीने ‘ल्युपस’ या स्वयंप्रतिकार आजाराबद्दल सापडेल ते वाचून काढलं आणि ताईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मूळ तक्रार काय, तर केस गळतात आणि थकवा येतो.

तुझी, म्हणजे पेशींच्या केंद्रकांविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचणीची, योग्यता मी जाणतो. काचपट्टीवरच्या पेशींवर रुग्णाचं पातळ केलेलं सीरम घालतात, धुतात, वर चमकता रंग सोडतात. मग अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं हिरवी उजळली, की तू पॉझिटिव्ह. सीरम शंभरपट पातळ करूनही उजळली, तर टायटर १:१००. ती चमक किती, हे बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञाची नजर ठरवते. ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात तू सापडतेस. म्हणूनच तू निगेटिव्ह आलीस, की ल्युपसची शंका बरीचशी मिटते. पण तू पॉझिटिव्ह आलीस म्हणून आजार आहेच, असं नाही. अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी माणसांपैकीही सुमारे १३ टक्के लोक १:८० ला पॉझिटिव्ह होते आणि १:१६० ला ५ टक्के. थायरॉईडच्या आजारात, काही औषधांमुळे, वाढत्या वयातही तू उगवतेस. हे रिपोर्टवर कुठे छापलेलं असतं?

अमेरिकेत गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराच्या चाचणीनेही लोक असेच हैराण होतात. आधी एलायझा, मग वेस्टर्न ब्लॉट. त्यात आयजीजी अँटीबॉडीच्या दहापैकी किमान पाच पट्ट्या उमटल्या तरच पॉझिटिव्ह धरतात. तरी माणसं एकट्या ४१ क्रमांकाच्या पट्टीला घाबरून बसतात, जी निरोगी लोकांतही उमटते. उलट अंगावर लाइमचं पुरळ असताना, सुरुवातीच्या दिवसांत, चाचणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण अँटीबॉडी पुरेशा तयारच झालेल्या नसतात. आजार बरा झाल्यावर मात्र त्या वर्षानुवर्षं रक्तात राहतात. शिवाय ल्युपस किंवा संधिवात असलेल्यांची लाइमची चाचणीही कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते!

माझा राग तुझ्यावर नाही, तुला सरसकट मागवणाऱ्यांवर आहे. सकाळी सांधे आखडतात का, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे उठतात का, थंडीत बोटं पांढरी पडतात का, हे आधी विचारायला नको? लघवीत प्रथिनं जातात का, हे पाहायला नको? भाचीला यातलं काहीच नव्हतं. तिचं हिमोग्लोबिन मात्र अवघं ८.४ निघालं.

लॅबवाल्यांना एकच विनंती : ‘कमी टायटर निरोगी व्यक्तींतही आढळतो’ एवढी एक ओळ रिपोर्टवर छापा, आणि ती ‘पॉझिटिव्ह’इतक्याच ठळक अक्षरांत छापा.

आपला,
एका भाचीचा मामा