दोरावरचे पोते

रानात गाडी घातली की माणसाला भीती वाटते ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची. वाहता ओहोळ, निसरडा उतार, एका अंगाला तुटलेला कडा. तिथे आपण आपसूक सावध होतो, बोलणे थांबवतो, आणि बहुतेक वेळा निभावून जाते. माझ्या वाट्याला आलेला अपघात मात्र सपाट जागेवर, भर दुपारी आणि गाडी चिखलातून जवळजवळ बाहेर आलेली असताना घडला. ही १९८७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आजवर मी ती पुष्कळांना सांगितली आहे. पण तिच्यातले दोन शब्द दर वेळी गाळून सांगितली आहे.

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे जाताना डाव्या-उजव्या हातांना रान दाट होत जाते. मुख्य रस्ता सोडून एका कच्च्या वाटेने आत गेले की काकांची काजूची बाग आणि एक जुने कौलारू घर होते. त्या घरापर्यंत जायला वाट म्हणून जी होती, ती बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेली. तीन ओहोळ, दोन चढ, मध्ये तांबड्या मातीचा एक सखल तुकडा. पावसाळ्यात ती वाट बंदच असे.

काकांकडे महिंद्राची जुनी जीप होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी घडवलेल्या विलिस गाडीचे हे आपल्याकडचे भावंड. महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे साखर कारखान्यांपासून जंगल खात्यापर्यंत ती सगळीकडे पोचली. गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन आखूड दांडे असत. एक ओढला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळे. दुसरा ओढला की वेग निम्म्याहून खाली येई आणि जोर त्याच मानाने वाढे. आम्हा मुलांना त्या दोन दांड्यांचे भारी आकर्षण.

जीप चालवायला एक वयस्क ड्रायव्हर होते. घरातली सारी त्यांना मामा म्हणत. त्यांच्याच शेजारी बसून मी गाडी शिकलो. शिकवण्याची त्यांची रीत अशी की ते नियम सांगत नसत. नियम मोडल्यावर काय होते ते सांगत. स्टेअरिंग धरताना अंगठा आतल्या बाजूला अडकवला की ते बोटावर टिचकी मारीत. "अंगठा भायेर ठेव, बाळ. दगडानं चाक फिरवलं की स्टेअरिंग अंगठा घेऊन जातंय." ओहोळ आला की गाडी थांबवून ते स्वतः धोतर खोचून पाण्यात उतरत. काठीने तळ चाचपत पलीकडे जाऊन येत आणि मगच गाडी घालत. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा चालू करायचे नाही, ही त्यांची सक्त ताकीद. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना इंजिन फिरवले की आतला दांडा वाकतो. हे शास्त्र मला पुढे पुस्तकात वाचायला मिळाले. मामांना ते हाताने ठाऊक होते.

चढावर गाडीचा दम संपला, तर ती वळवायला जायचे नाही. मागच्या गिअरमध्ये टाकून जशी चढली तशीच सरळ खाली आणायची. आडवी झाली की ती कोलमडते. सुक्या पाचोळ्यावर गाडी उभी करून जेवायला बसायचे नाही. तापलेल्या सायलेन्सरने पाचोळा पेटतो. उघड्या जीपमधून कोपर बाहेर काढायचे नाही. पुढच्याने वाकवलेली फांदी मागच्याच्या तोंडावर येते. ह्या साऱ्या गोष्टी मी पाठ केल्या होत्या. आणखी एक होती, तिच्याकडे मात्र मी मामांची एक लकब म्हणून पाहत असे.

गाडी रुतली आणि दुसऱ्या गाडीने टोचन लावून ओढायची वेळ आली की मामा तारेचा दोर अडकवत, सर्वांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब पिटाळत, आणि मग सीटखालचे रिकामे पोते ओहोळात भिजवून आणून दोराच्या मध्यावर टाकत. ओले, जड, पाणी गळणारे ते पोते दोरावर लोंबत असलेले पाहून आम्ही हसत असू. मामा म्हणत, "तार तुटली तर हे तिला खाली बसवतंय." तार कधी तुटली नाही. मी लहानाचा मोठा झालो, दहा-बारा वेळा तो प्रकार पाहिला, आणि प्रत्येक वेळी पोते होते तसे काढून, पिळून, वाळवून सीटखाली गेले. जे कधीच उपयोगी पडताना दिसले नाही, त्यावर विश्वास ठेवणे तरुण माणसाला फार अवघड जाते.

त्या मे महिन्यात पावसाळ्याआधी घराची कौले बदलायची होती. मामा तापाने आडवे पडले होते. मी चोवीस वर्षांचा, हाती परवाना, आणि डोक्यात आपल्याला सारे येते हा समज. काकांची जीप मी घेतली, कौलांनी भरलेली दुसरी जीप एका शेजाऱ्यांची, ती त्यांचा गडी चालवत होता. बरोबर काकांचा मुलगा, माझा धाकटा चुलतभाऊ. तो एकोणीस वर्षांचा होता. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. लष्करात जाण्याचे त्याने लहानपणापासून ठरवले होते. भरतीसाठी तो रोज पहाटे उठून धावत असे. निघताना मामा अंगणापर्यंत आले, त्यांनी सीटखाली हात घालून काहीतरी चाचपले आणि काही न बोलता आत गेले.

आदल्या संध्याकाळी वळीव पडला होता. तिन्ही ओहोळ मी मामांच्या रीतीने पार केले. पायी उतरलो, तळ पाहिला, लो गिअरमध्ये गाडी काढली. दोन्ही चढ चढलो. अवघड ते संपले, असे मी भावाला म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते. आणि त्या सखल तुकड्यात मागची, कौलांची जीप आसापर्यंत रुतली.

दोन तास आम्ही खपलो. कौले उतरवली, चाकांपुढची माती उकरली, दगड घातले, फांद्या घातल्या. चाक फिरून फिरून खड्डा खोलच करी. शेवटी मी सीटखालचे पोते काढले आणि पकड मिळावी म्हणून पुढच्या चाकाखाली सरकवले. मग तारेचा दोर माझ्या जीपच्या मागच्या आकड्याला आणि तिच्या पुढच्या बंपरला लावला. पहिल्या ओढीला ती हातभर हलली. दुसऱ्या ओढीला पुढची चाके कडेला आली. आता एकच हिसका, की बाहेर.

भाऊ रुतलेल्या जीपच्या पुढच्या चाकाशी उभा होता. त्याने वाकून चाकाखालून मोकळे झालेले पोते पाहिले आणि ओरडून विचारले, "दादा, पोतं दोरावर टाकू काय?"

मी म्हणालो, "राहू दे."

तेच ते दोन शब्द. पोते चिखलाने माखले होते, ऊन चढले होते, गाडी निघाल्यातच जमा होती. मी दोर सैल सोडून हिसका दिला. मामा कधीही सैल दोराला हिसका देत नसत. आधी दोर ताठ करून घेत. माझ्या जीपचा आकडा उघडला. आवाज फार मोठा झाला नाही, चाबूक फुटावा तसा झाला. आकड्यातून सुटलेली तार मागे उसळली आणि भावाच्या डाव्या पायावर, गुडघ्याखाली बसली.

पुढचे थोडक्यात सांगतो. कारवीच्या काठ्या तोडून, दोन पंचे फाडून आम्ही पाय बांधला. तेच ओहोळ, तेच चढ परत पार करायचे होते. येताना जिथे भीती वाटली तिथे आता वाटली नाही, वाटली ती प्रत्येक लहान खळग्याची, कारण प्रत्येक खळग्याला मागून त्याचा आवाज येई. गाडी हळू घ्यावी तर वेळ जातो, वेगाने घ्यावी तर हाड हलते. बेळगावच्या एका दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन्ही हाडे मोडली होती. पाय वाचला, पण बोटभर आखूड राहिला. लष्कराचे नाव घरात पुन्हा कोणी काढले नाही.

काकांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. "आकडाच जुना होता, त्याला तू काय करणार?" असे ते ज्याला त्याला सांगत. मीही तेच सांगू लागलो. ते खोटे नव्हते. आकडा जुना होता खराच. जुन्या आकड्यासाठीच तर ते पोते होते.

मामा बरे झाल्यावर दुसऱ्या दिवशी रानात जाऊन अडकलेल्या जीपची व्यवस्था लावून आले. आठवड्याने मी सहज जीपमध्ये बसलो. सीटखाली पोते होते. धुतलेले, वाळवलेले, चौघडी घातलेले. मामा बाहेर चाकात हवा भरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि इतकेच म्हणाले, "पोतं ठेवलंय, बाळ." चिखलात ते कुठे पडलेले होते, हे त्यांनी पाहिलेच असणार. चाकापाशी पडलेल्या पोत्यावरून त्या माणसाला सारे कळले असणार. त्यांनी ते कधी कोणाला सांगितले नाही.

त्यानंतर मी रानातल्या वाटांवर माणसांची भीती नेमकी कुठे संपते, हे पाहू लागलो. गोव्यात कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांतून मी दोनदा गेलो आहे. पावसाळ्यात ती वाट बंद असते. एरवी भगवान महावीर अभयारण्यातून, वाटेतले ओहोळ पार करत गाड्या जातात. पाणी चाकांवर चढले की मागे बसलेली मंडळी एकमेकांना घट्ट धरतात. चालकाला मात्र तळाचा दगड न् दगड ठाऊक असतो. गाडी पलीकडे लागते, सारे हसतात, आणि ती पुरती थांबण्याआधीच कोणीतरी शेवाळलेल्या दगडावर उडी टाकते. भीती संपते तिथे सावधपणाही संपतो.

आमच्या त्या वाटेने आता कोणी हौसेखातर जाऊ नये. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले आणि त्या पट्ट्यातला रानाचा मोठा भाग संरक्षित झाला. परवानगीवाचून तिथे गाडी घालणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून पावसाचे पाणी धावते आणि वर्षानुवर्षांची माती घेऊन जाते, हे मी त्या सखल तुकड्यात डोळ्यांनी पाहिले आहे.

पण हौस मरत नाही. भावाच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी नवी थार घेतली. मित्रांबरोबर तो एका ओळखीच्यांच्या खाजगी मळ्यात, चिखलाच्या वाटांवर ती चालवतो. त्याच्याकडे तारेचा दोर नाही. ताणला जाणारा नायलॉनचा जाड दोर आहे, आकड्याऐवजी दोरीचेच फास आहेत. त्याने मला मोबाइलवर दाखवले, की ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी गोळ्याला दोर लावून ओढताना तो गोळा तुटून मागच्या गाडीत घुसल्याने ऑस्ट्रेलियात माणसे मेली आहेत. लोखंड गेले म्हणून धोका गेला नाही, हेही तो जाणतो. ताणलेल्या नायलॉनमध्ये तारेपेक्षा जास्त जोर साठतो. त्याच्या सामानात एक जाडजूड भडक पिशवी आहे. दोरावर टाकायची. तिला इंग्रजीत वेगळे नाव आहे. मी ती हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे म्हातारे त्याच्याबरोबर मळ्यात गेलो होतो. एक गाडी रुतली. पोरांनी दोर लावला. ओढणार, तोच भाऊ काठी टेकत, त्या आखूड पायाने लंगडत पुढे गेला आणि त्याने हात वर करून सर्वांना थांबवले. पिशवी गाडीतच राहिली होती.

परतीच्या वाटेवर मी त्याला प्रथमच विचारले. म्हटले, "त्या दिवशी तू मला पोत्याचं विचारलं होतंस."

तो बाहेर पाहत म्हणाला, "ठाऊक आहे की, दादा."

बस, एवढेच. छत्तीस-सदतीस वर्षे मी जे गाळत आलो, ते त्याने कधी विसरलेच नव्हते. माझ्यासाठी तोही ते गाळत आला होता.

त्या दुपारी मळ्यात दोर तुटला नाही. गाडी सुखरूप बाहेर आली. पिशवी उचलताना एक पोरगा हसून म्हणाला, "काका, उगीचच टाकली की." भावाने त्याच्या हातून पिशवी घेतली, चिखल झटकला, तिची नीट घडी घातली आणि सीटखाली ठेवली.