पडीक

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आमच्या पेडगावची नव्हे. ती श्रीगोंद्याकडच्या पेडगावची, असं जाणकार सांगतात. पण परभणीजवळचं पेडगाव हे ज्याचं आजोळ, त्याच्याकडे लोक आयुष्यभर संशयानं बघतात. निवृत्तीनंतर मी गळ्यात दुर्बीण अडकवून पेडगावच्या माळावर जाऊ लागलो, तेव्हा तर आमच्या घरात म्हणीचा वाद कायमचा मिटला.

मामेभाऊ म्हणाला, “काय बघायलास रे तिथं? काहीच तर न्हाई!”

हे त्याचं एकट्याचं मत नाही. ज्यातून महसूल नाही ती जमीन पडीक, हा हिशेब फार जुना. २००० साली देशातल्या पडीक जमिनींचे नकाशे निघाले, त्यांत झुडपी माळ आणि उजाड झालेली चराऊ रानंही जाऊन बसली. पेन्शनर माणसाला हे दुःख चटकन कळतं. आमच्या घरी माझा सातबारा अलीकडे असाच लिहिलेला आहे.

वास्तविक माळावर रिकामी जागा कुठे आहे? मारवेल आहे, पवन्या आहे, कुसळी आहे. कुसळी तर विमा एजंटाच्या जातीची. एकदा मोज्यात शिरली की काढाल तेवढी आत जाते. माळटिटवी खड्यांतच खड्यांसारखी अंडी घालते आणि आपण दहा हातांवर आलो की शेजारणीसारखी ओरडते. काळविटाची सारी भिस्त नजरेवर आणि पायांवर. त्याला लांबवर दिसायला हवं आणि पळायला मैदान हवं. माळ नांगरले गेले, तशी हरणं शेतात आली. मामेभावाची उगवती ज्वारी ती खातात, ही त्याची तक्रार अगदी खरी. पण त्यांचं ताट आधी कोणी उचललं?

या बिऱ्हाडातला थोरला म्हणजे माळढोक. सालिम अलींनी त्याला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून आग्रह धरला होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकलं तर शिवी होते, म्हणून तो मागे पडला असं म्हणतात. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, तेही सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं! त्यात माणसांची गावंच्या गावं आली. पुढे ते बाराशेवर आणावं लागलं. आज देशात हा पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. आणि आपण तिथे हौसेनं झाडं लावतो. झाडावर कावळा बसतो, आणि त्याला वरून अंडं दिसतं.

परवा गावात माळावर वृक्षारोपणाची टूम निघाली. मी नको म्हणताच मामेभाऊ भडकला, “झाडाला बी तुझा इरोध?”

“बांधावर लाव, रस्त्याकडेला लाव, दारात लाव,” मी म्हटलं. “तुझ्या ओसरीत मधोमध मोकळी जागा आहे. ती पडीक म्हणून तिथं कणगी ठेवतोस का?”

तो जरा वेळ गप्प बसला. “मग माळाचं कागदावर काय लिहावं?”

“लिही, जागा भरलेली आहे.”


त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. टिटवीनं मात्र लगेच अनुमोदन दिलं.