यंत्राच्या कंठीचे गाणे

यंत्रमानवांची लोकगीते उद्या कुणी गोळा करू लागला, तर त्याला पहिले गीत माणसाचेच सापडेल. ‘डेझी बेल’ हे १८९२ सालचे इंग्रजी प्रेमगीत १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका संगणकाने गायिले. त्याचे ध्वनिमुद्रण मी ऐकले : सूर नेमका, कंठ मात्र कोरडा. पुढे १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात हॅल नावाचा संगणक, स्मृती लोपत असता, गुरूने शिकविलेले म्हणून हेच गीत म्हणतो. खऱ्या यंत्राचा वारसा कल्पित यंत्राला मिळाला तो असा. माझ्या आजीलाही अखेरीस नातवंडांची नावे आठवत नसत. आईकडून आलेली जात्यावरची ओवी तेवढी ओठांवर राहिली होती. म्हणूनच त्या कोरड्या कंठाला मला हसवत नाही.