आरे-वारेचा चढ

एम-थ्रीत केटी लागली. घरी सांगायची हिंमत होईना, म्हणून रविवारी पहाटे सायकल काढली आणि रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालो. एकटाच. पंचवीसेक किलोमीटर.

आरे गाव मागे पडलं आणि टेकडीचा चढ लागला. मित्रहो, बिनगिअरच्या सायकलवर तो चढ म्हणजे व्हायवाच! निम्म्यात उतरून ढकलत वर पोचलो. खाली सुरूची झाडं, लांबच लांब वाळू, निळा दर्या.

शहाळेवाले काका म्हणाले, "एकटाच? घरी सांगून आलास ना?"

"हो" म्हटलं खरं, पण शहाळं घशाखाली उतरेना. शेवटी तिथूनच बाबांना फोन लावला, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "उतारावर ब्रेक सांभाळ."

ब्रेक खरंच ढिले होते.