एकोणिसाव्या वर्षीचा निर्णय

आपल्याकडे बारावीनंतर 'नीट' देऊन मुले थेट वैद्यकीय शिक्षणाकडे वळतात. अमेरिकेत त्यासाठी साधारणपणे आधी चार वर्षांची पदवी आणि 'एमकॅट' परीक्षा लागते. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय महाविद्यालयाने मात्र १९८७ साली मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी पदवीच्या दुसऱ्या वर्षीच, 'एमकॅट'विना, प्रवेश निश्चित करून देणारी वाट काढली. तिकडे इतिहास शिकणाऱ्या आमच्या भाचीपुढे अशाच वाटेचा प्रश्न आहे. आईवडिलांना निश्चिंती हवी. तिचे मन अजून द्विधा.

आम्ही तिला कळविले, "बाळ, केवळ परीक्षेच्या धास्तीने अर्ज करू नकोस. आधी उन्हाळाभर एखाद्या रुग्णालयात सेवा कर. रुग्णाच्या उशाशी बसवेनासे झाले, तर लवकर मिळालेली जागाही परकीच. मन रमले, तर निःशंक अर्ज कर आणि उरलेली दोन वर्षे इतिहास मनसोक्त वाच."