दिंडीच्या शेपटाला

अकोले, पहाट. अगस्तींच्या देवळात काकडा झाला, प्रसादाची खडीसाखर हातावर पडली आणि वीणा निघाली. प्रवरेवर धुकं. साठेक माळकरी, आणि आमच्या आळीतल्या तरुण मंडळाची बावीस पोरं-पोरी. यातल्या निम्म्यांना मी चौथीत शिकवलंय, त्यामुळे अजून मला 'बाई'च म्हणतात.

गणपतीत दहा दिवस राबणारं हे मंडळ. यंदा दिवाळीत त्यांनीच विणेकरीबाबांना विचारलं, "आम्ही आळंदीला आलो तर चालेल का?" बाबा म्हणाले, "या की. पण पुढं नाही. शेपटाला चाला."

शेपटाला म्हणजे पताका, टाळकरी, मृदंग, वीणा, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया या सगळ्यांच्या मागं. जो थकेल, ज्याची चप्पल तुटेल, तो तिथं येतो.

निघालोय कशासाठी, ते पहिल्याच विसाव्याला सांगून टाकलं. शके १२१८, म्हणजे १२९६ साल, कार्तिक वद्य त्रयोदशी. त्या दिवशी ज्ञानेश्वरांनी आळंदीला संजीवन समाधी घेतली. वय एकवीस मानतात. चहाचा ग्लास हातात धरून एक पोरगा बराच वेळ गप्प बसला. तोही एकविसाचाच आहे.

प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणातून सुटून अकोल्यावरून संगमनेरकडे जाते आणि पुढं नेवाशाला पोचते. त्याच नेवाशात, तिच्याच काठी, पैस खांबाशी बसून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आमच्या घरामागून वाहणारं पाणी तिथं जातं. शाळेत इतकी वर्षं नकाशावर ही नदी दाखवत आले, पण हे एकदाही सांगितलं नाही. आता सांगेन.

कोतूळ, पहिला मुक्काम. मुळेचं गार वारं. पोरांनी सकाळी नवे बूट घालून झपझप चाल केली होती. संध्याकाळी हरिपाठाला बसताना एकालाही मांडी घालता येईना.

एका आजींनी पिशवीतून सुई-दोरा काढला. सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली, दोरा खोबरेल तेलात भिजवला आणि टाचेवरच्या फोडातून सुई आरपार नेली. दोरा आतच ठेवून दोन्ही बाजूंनी बोटभर सोडून कापला. "कातडं काढायचं नाही. पाणी दोऱ्यानं रातभर झिरपतं, सकाळी फोड बसलेला असतो." अकरा पायांना त्यांनी असे दोरे घातले. हळद लावताना प्रत्येकाला 'माउली' म्हणत होत्या. ज्याचा पाय धरलाय त्यालाच माउली म्हणायचं, हे आमच्या पोरांनी पुस्तकात वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बूट टेम्पोत. चालही बदलली.

पोरी रोज चारला उठतात. कारण सरळ आहे. बऱ्याच मुक्कामांवर बायांसाठी आडोसा नाही, शौचालय असलं तर कुलूप. बाया हे मुकाट सोसतात. मंडळातल्या एका पोरीनं तिसऱ्या दिवशी पुढच्या गावात आधीच फोन करून किल्ली मागून ठेवली. गेल्या किती वाऱ्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

ओतूर. मांडवीकाठी बाबाजी चैतन्यांची समाधी. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे गुरू ते हेच. दर्शन घेऊन लगेच पुढं.

आळे. इथं रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेवर इथं गेला आणि ज्ञानेश्वरांनी त्याला इथंच समाधी दिली, अशी परंपरा. शेपटातला एक पोरगा राजूरकडचा, घरी डांगी बैल. दर्शन सगळ्यांनीच घेतलं. याने आधी नळावर हात कोपरापर्यंत धुतले, मग दोन्ही तळवे समाधीवर सपाट ठेवले, बैलाच्या पाठीवर ठेवावेत तसे, आणि तिथंच उभा राहिला. मागची रांग थांबली. कुणी त्याला हलवलं नाही.

आळेफाट्यावर महामार्ग लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. २०२३ च्या डिसेंबरात याच नाशिक-पुणे रस्त्यावर, घारगावजवळ, आळंदीला निघालेल्या दिंडीत कंटेनर घुसला. चार वारकरी गेले.

पोरांनी कोतूळलाच ठरवलं होतं. उजव्या अंगाला लांब दोर धरायचा, म्हातारी माणसं दोराच्या आत. मागं दोनशे पावलांवर लाल झेंडी, अंधार असेल तेव्हा बॅटरी. चमकणाऱ्या पट्ट्या सगळ्यांच्या पाठीवर, विणेकरीबाबांच्याही. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, असा तो दोर चालला. चाकणला ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. दोर धरणाऱ्यांचे तळहात सोलले, पण पाळी बदलल्याशिवाय एकानेही हात सोडला नाही. शेपटाला का चालायला सांगितलं होतं, ते मला तिथं कळलं. बाबांनी त्यांना दिंडीतलं सगळ्यात अवघड काम दिलं होतं.

आळंदी. इंद्रायणीवर पांढरा फेस. स्नानाला उतरलेल्या आजींनी तो हातानं बाजूला सारला आणि तोंडावर पाणी मारलं. मला रडू आलं, आणि रागही. ज्या नदीच्या काठी समाधी आहे ती नदी आपण अशी ठेवतो, याला क्षमा नाही.

त्रयोदशीची दुपार. नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन, समाधीच्या वर्णनाला आल्यावर सारं आवार स्तब्ध. मग घंटानाद, तुळशी-फुलांचा वर्षाव. माझ्या शेजारचा तो एकविसाचा पोरगा हुंदके देत होता. सातशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी, घरातलं कुणी गेल्यासारखा.

वाचकांना एकच विनंती. कार्तिकात नाशिक-पुणे रस्त्यानं गाडी नेत असाल तर पहाटे आणि तिन्हीसांजेला वेग उतरवा. दिंडी संपली असं वाटलं तरी लगेच वाढवू नका. एखादी आजी अजून मागं असते.